प्रवासासाठी लॅपटॉप: हलका किती, दणकट किती

पहिल्यांदाच प्रवासासाठी लॅपटॉप घ्यायला निघालेली माणसं दुकानात तीन गोष्टी एका दमात मागतात: लहान हवा, हलका हवा आणि पडला-भिजला तरी चालला पाहिजे. पहिल्या दोन मागण्या एकमेकींना धरून जातात. तिसरी आली की वजन चढतं आणि किंमतही चढते. मुद्दाम दणकट बनवलेला पॅनासॉनिकचा टफबुक एफझेड-५५ दोन किलोंच्या आसपास भरतो. त्याच १४ इंची आकाराचा चांगला बिझनेस लॅपटॉप सव्वा किलोच्या आत मिळतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेकांनी यंत्र हलकं घ्यावं आणि दणकटपणा बॅगेत, चार्जिंगच्या तयारीत आणि डेटाच्या प्रतींमध्ये घालावा. खास रग्ड, म्हणजे मुद्दाम दणकट बनवलेलं यंत्र फार थोड्यांना लागतं, पण ज्यांना लागतं त्यांनी पैसे वाचवायला जाऊ नये. आपण यातले कोण, हे ठरवण्यापासून सुरुवात करू.

१. आधी प्रवास कागदावर उतरवा

मॉडेलची नावं शोधण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. लॅपटॉप सलग किती वेळ पाठीवर राहणार? प्लग किती तासांनी मिळणार? आणि वाटेत त्याला सगळ्यात मोठा धोका कशाचा: दाबाचा, पडण्याचा, पाण्याचा, धुळीचा की चोरीचा?

मुंबई-नागपूर रेल्वेने महिन्यातून दोनदा जाणाऱ्या सल्लागाराला दाब आणि चोरी यांचीच काळजी. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वारीबरोबर चालत बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहराचं चित्र वेगळं असतं. आषाढाच्या तोंडावरचा पाऊस, चिखल, तंबूतला मुक्काम, रात्री एका एक्स्टेन्शन बोर्डावर लागलेले वीस मोबाइल, आणि दिवे घाटात पाठीवर जाणवणारा प्रत्येक शंभर ग्रॅम. किनाऱ्यावर नोंदी घेणाऱ्या संशोधकाला वाळू आणि खारी हवा नडते. लडाखला मोटरसायकलवर निघालेल्याला सततचा हादरा, थंडी आणि उंची.

हे लिहून काढलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. दुकानदार प्रोसेसरबद्दल बोलायला लागला की हा कागद पुढे धरा.

२. लॅपटॉपच हवा का, ते पाहा

नुसते फोटो साठवायचे, ई-मेल लिहायचे, नकाशे बघायचे असतील तर टॅब्लेट आणि सुटा कीबोर्ड पुरतो. सरफेस गो या १०.५ इंची विंडोज टॅब्लेटचं कीबोर्डशिवायचं वजन अर्ध्या किलोच्या थोडंच वर आहे आणि त्यावर विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम चालतात. मात्र टॅब्लेट आणि कीबोर्डची जोडी मांडीवर नीट बसत नाही. एसटीत, स्टेशनच्या बाकावर किंवा देवळाच्या पायरीवर बसून लिहायचं असेल, तर घट्ट बिजागरीचा लॅपटॉपच बरा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. अनेक मराठी वर्तमानपत्रांचं आणि छापखान्यांचं काम अजून श्री-लिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. तुमच्या कार्यालयाला त्याच फॉन्टमधला मजकूर लागत असेल तर आयपॅड आणि क्रोमबुक बाद. इंटेलहून वेगळ्या घडणीच्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण जुनं सॉफ्टवेअर किंवा त्याची डाँगल, म्हणजे परवान्यासाठी यूएसबीला लावायची छोटी किल्ली, त्यावर चालते का, ते विकत घेण्याआधी प्रत्यक्ष चालवून पाहा. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत काम करणाऱ्यांना ही अडचण नाही.

३. आकार कीबोर्डवरून ठरवा

लहान यंत्राची भुरळ जुनी आहे. २००७ साली आसूसने ७ इंची ई-पीसी आणला. वजन एक किलोच्या आत, हार्ड डिस्कऐवजी ४ जीबीची फ्लॅश मेमरी. जगभर त्याची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली, कारण त्यावर पानभर मजकूर लिहिणं बोटांना जड जायचं. आजही ७-८ इंची चिमुकले लॅपटॉप मिळतात. सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांना ते खिशातलं हत्यार म्हणून उपयोगी पडतात. लिहिणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पूर्ण आकाराच्या कीबोर्डमध्ये एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं. १३ इंचांच्या पुढे ते सहसा पूर्ण मिळतं. त्याखाली कंपन्या जागा वाचवायला उजव्या कडेच्या की अरुंद करतात. इंग्रजी टंकणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही, कारण तिथे कंस आणि विरामचिन्हंच असतात. इन्स्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्ड-रचनेत मराठी टंकणाऱ्याची मात्र तिथेच गोची होते. च अर्धविरामाच्या कीवर, ट त्याच्या उजवीकडे, ड चौकोनी कंसावर आणि ॉ ही खूण अगदी टोकाच्या तिरप्या रेघेच्या कीवर. म्हणून दुकानात गेल्यावर मराठी कीबोर्ड चालू करा आणि ‘डॉक्टर’ हा शब्द न बघता पाचसहा वेळा टंका. बोट दरवेळी एंटरवर किंवा बॅकस्पेसवर जाऊन पडत असेल तर ते मॉडेल कितीही गोंडस असो, सोडून द्या. परदेशातून मागवलेल्या लॅपटॉपमध्ये ब्रिटिश धाटणीचा उभा एंटर असेल तर हीच तिरप्या रेघेची की भलतीकडे गेलेली असते. तेही आधी विचारा.

माझ्या मते १३ ते १४ इंच हा प्रवासाचा योग्य आकार. त्यातही १६:१० प्रमाणाचा, म्हणजे जरा उंच पडदा घ्या. रेल्वेच्या आसनामागच्या छोट्या टेबलावर तो मावतो आणि मजकुराच्या चार ओळी जास्त दिसतात.

४. वजन चार्जरसकट मोजा

जाहिरातीतलं वजन नुसत्या यंत्राचं असतं. पाठीवर मात्र सगळं येतं: चार्जर, तीन पिनांची जाड केबल, माउस, कव्हर, पॉवर बँक. घरचा लॅपटॉप हे सगळं घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा बघा. जुन्या धाटणीचा विटेसारखा चार्जर केबलसह पाव किलोच्या पुढे सहज जातो. गॅलियम नायट्राइडचा, म्हणजे बाजारात ‘गॅन’ म्हणून मिळणारा ६५ वॉटचा चार्जर त्याच्या निम्म्याने भरतो आणि मोबाइलही त्यावरच चार्ज होतो.

अंदाजासाठी काही आकडे देतो. १४ इंची एलजी ग्राम एक किलोच्या काठावर, थिंकपॅड एक्स१ कार्बन १.१ किलोच्या आसपास, एम२ प्रोसेसरचा १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलो. दीड किलोच्या वर गेलात तर त्या जास्तीच्या वजनाच्या बदल्यात काय मिळतंय, हे स्वतःला विचारा. मोठी बॅटरी मिळत असेल तर सौदा वाईट नाही. नुसता मोठा पडदा मिळत असेल तर वाईट.

५. ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांचा अर्थ समजून घ्या

लॅपटॉपच्या खोक्यावर हल्ली सर्रास ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ छापलेलं असतं. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचणी-मानक आहे. ‘एच’ ही आवृत्ती २०१९ची, तिच्याआधीची ‘जी’ २००८ची. त्यात उष्णता, थंडी, उंची, कंपनं, धूळ, दमटपणा, आघात अशा कितीतरी चाचण्यांच्या पद्धती दिल्या आहेत. त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते आणि अमेरिकी संरक्षण खातं कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. एका कंपनीने दमटपणा आणि कंपनं तपासली, दुसरीने पाडूनही पाहिलं, तरी दोघींच्या खोक्यावर तीच अक्षरं.

त्यातली पाडण्याची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. हातात वागवायच्या वस्तूसाठी उंची १२२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण टेबलाच्या दीडपट, आणि आघात २६: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा आहे, आणि ही वाहतुकीची चाचणी असल्याने वस्तू बंद असते. तुमचा लॅपटॉप मात्र चालू असतानाच, चार्जरच्या वायरीत पाय अडकून पडतो. म्हणून खोक्यावरच्या अक्षरांवर थांबू नका. कंपनीच्या माहितीपत्रकात कोणत्या चाचण्या केल्या त्यांची यादी शोधा. पाडण्याची चाचणी, तिची उंची, आणि ती चालू अवस्थेत केली का, एवढं स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्या दाव्याला वजन आहे.

पाण्या-धुळीसाठी ‘आयपी’ हा आकडा जास्त कामाचा. आयपी५३ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीत ६ म्हणजे कण आत जाणार नाही, ५ म्हणजे थोडी जाईल पण कामात अडथळा येणार नाही. पाण्यात ३ म्हणजे तिरप्या फवाऱ्यापर्यंत संरक्षण, ५ म्हणजे नळीची धार, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. सेमी-रग्ड, म्हणजे मध्यम दणकट यंत्रं आयपी५३च्या आसपास असतात, पूर्ण रग्ड आयपी६५च्या पुढे. नेहमीच्या पातळ लॅपटॉपला आयपी दर्जाच नसतो, मग खोक्यावर सैन्याचं कितीही कौतुक असो. आणि रग्ड यंत्राचा दर्जाही सगळ्या पोर्टची झाकणं बंद असतील तेव्हाचाच.

आता दुकानात हाताने करायची तपासणी. मला ती खोक्यावरच्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा भरवशाची वाटते. लॅपटॉप उघडा आणि तळहाताच्या बाजूचा एक कोपरा धरून एका हाताने उचला. शरीर पिळवटल्यासारखं वाकत असेल किंवा टचपॅड आपोआप क्लिक होत असेल, तर बाजूला ठेवा. पडदा चालू ठेवून झाकणाच्या पाठीवर मध्यभागी अंगठ्याने बेताने दाब द्या. पुढे पडद्यावर लाटा उठल्या तर गच्च भरलेल्या बॅगेत तो पडदा धोक्यात आहे. प्रवासात लॅपटॉप नुसते उंचावरून पडूनच मरत नाहीत, असे दाबानेही जातात. एसटीच्या फळीवर सॅक ठेवली, तिच्यावर कोणीतरी ट्रंक सरकवली, आत झाकणावर चार्जरचा ठोकळा होता, की काम झालं.

मग बिजागरी. झाकण १८० अंशांत सपाट होत असेल तर उत्तम, कारण चुकून मागे रेललं तरी तुटत नाही. शेवटी चार्जिंगचं पोर्ट: केबल लावून अलगद वरखाली हलवा. ढिलं लागलं तर नको. यूएसबी-सी पोर्ट दोन्ही बाजूंना एकेक असेल तर फार चांगलं. एक बिघडलं तरी दुसऱ्यावर प्रवास पुरा होतो.

धातूबद्दल लोक फार विचारतात. ॲल्युमिनियमला पोचा पडतो पण ते ताठ राहतं. मॅग्नेशियमचा मिश्रधातू हलका, हाताला प्लास्टिकसारखा लागतो, थोडा लवतो, आणि त्यामुळे बिचकून जायचं कारण नाही. कार्बन फायबर हलकं आणि ताठ दोन्ही, म्हणून महाग.

६. रग्ड यंत्र नक्की कोणी घ्यावं

ज्यांना पावसात, उघड्यावर, उभं राहून काम करायचंच आहे त्यांनी: भूमापन, खाणी, मासेमारीच्या होड्या, वनखात्याची गस्त, पूरस्थितीतलं मदतकार्य. ज्यांचं यंत्र थांबलं तर मागची सगळी माणसं खोळंबतात, त्यांनीही. पॅनासॉनिक १९९६पासून टफबुक बनवतं. डेलची लॅटिट्यूड रग्ड मालिका आणि गेटॅकही याच कामाचे. भाव लाख-दीड लाखाच्या पुढे, पण त्यात १,००० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास उजेड देणारा पडदा, हातमोज्यांनी चालणारा स्पर्श, काढून बदलता येणारी बॅटरी अशा गोष्टी मिळतात. साध्या लॅपटॉपला जाड कव्हर घालून त्या मिळत नाहीत.

दणकट यंत्र स्वस्तातही करता येतं, हे एकदा आपल्या रायगड जिल्ह्यात दिसलं होतं. २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या शाळेत आले. त्यात पंखा नव्हता, हार्ड डिस्क नव्हती, कीबोर्ड सलग रबराचा असल्याने धूळ-पाणी आत जायला फट नव्हती, आणि पडदा मागचा दिवा बंद करून भर उन्हात वाचता यायचा. यंत्र मंद होतं, पण प्रवासी यंत्रात काय असावं याची ती यादी आजही लागू आहे: हलणारे भाग कमीत कमी, फटी कमीत कमी, पडदा उन्हात दिसणारा.

७. आतल्या गोष्टी थोडक्यात

मेमरी १६ जीबी घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साठवण ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आणि एसएसडीच. प्रोसेसर लिखाण, हिशेब, फोटोच्या साध्या कामाला कोणताही चालू पिढीतला पुरतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी मात्र आपलं सॉफ्टवेअर चालवून बघावं. पडद्याचा उजेड किमान ४०० निट्स, आणि चकचकीतपेक्षा मॅट. खिडकीजवळच्या आसनावर बसलात की हा फरक डोळ्यांना कळतो.

८. विजेचा विचार यंत्राइतकाच करा

पहिली अट: लॅपटॉप यूएसबी-सी वरून चार्ज झाला पाहिजे. कंपनीच्या खास गोल पिनेचा चार्जर हरवला तर तालुक्याच्या गावी मिळत नाही. यूएसबी-सीचा मोबाइलवाल्याकडेही मिळतो किंवा शेजारच्या प्रवाशाकडून मागता येतो.

बॅटरी वॉट-तासात मोजा. कंपनी ‘१८ तास’ म्हणते ते मंद उजेडात व्हिडिओ चालवून. उन्हात उजेड वाढवून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना त्याच्या निम्मेच धरा.

पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांना ३.७ने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास मिळतात. २०,००० म्हणजे ७४ वॉट-तास. रूपांतरात काही वीज वाया जाते, तेव्हा ५० वॉट-तासांचा लॅपटॉप एकदा भरेल असं समजा, त्याहून जास्त आशा नको. शिवाय बँकेची बाहेर देण्याची ताकद बघा: मोबाइलसाठीची १८-२२ वॉटची बँक लॅपटॉपला एकतर ओळखतच नाही, नाहीतर चालू असताना बॅटरी उतरतच राहते. ४५ किंवा ६५ वॉट लिहिलेली हवी. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बँक चालते, तीही केबिनच्या बॅगेतच. सामानात चेक-इन केली तर बॅग उघडायला लावतात. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २७,००० मिलिअँपिअर-तासांची बँक जवळपास बरोबर १०० च्या आत बसते.

रेल्वेच्या बऱ्याच डब्यांत चार्जिंगच्या पॉइंटला ११० व्होल्ट असतात. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर अडचण नाही, आणि चांगल्या चार्जरवर ते असतंच. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात हे पॉइंट बंद ठेवण्याचे रेल्वेचे आदेश आहेत, त्यामुळे रात्रभर चार्जिंगच्या भरवशावर गाडीत चढू नका. संध्याकाळीच भरून घ्या. जनरेटरवर चालणाऱ्या मुक्कामी आधी मोबाइल लावून बघा, दिवे फडफडत असतील तर लॅपटॉप पॉवर बँकेवरच चालवा.

९. ऊन, थंडी, उंची आणि कोकणातली हवा

ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा देतं आणि ३,००० मीटर ही चाचणीची उंची. आता हे आपल्या नकाशावर ठेवून बघा. अकोला, चंद्रपूर, नागपूर मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातात. लेह ३,५०० मीटरवर आहे. याचा अर्थ यंत्र तिथे बंद पडेल असा नाही, लेहमध्ये हजारो लॅपटॉप रोज चालतात. पण उन्हाळ्यात बिनपंख्याचं यंत्र लवकर तापतं आणि स्वतःचा वेग कमी करतं, आणि बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी कायमची खराब होऊ शकते. विदर्भात फिरणाऱ्याने पंख्याचं यंत्र घ्यावं आणि जाळी ब्रशने साफ ठेवावी. धुळीच्या, पण फार गरम नसलेल्या भागात बिनपंख्याचं बरं.

उंचीचा खरा फटका जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला बसतो. तिचं डोकं हवेच्या पातळ थरावर तरंगतं, हवा विरळ झाली की तो आधार कमी पडतो. म्हणून अशा डिस्कची मर्यादा साधारण ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट दिलेली असते. बॅकअपसाठी घरातली जुनी डिस्क उचलून स्पितीला नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. थंडीत आणखी एक पथ्य: शून्याच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही. आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची दुबळी होते. रात्री लॅपटॉप स्लीपिंग बॅगेजवळ कपड्यांत गुंडाळा, सकाळी ऊब आल्यावर चार्जर लावा.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात एसी डब्यातून किंवा खोलीतून बाहेर आलात की गार यंत्रावर दव धरतं, आतसुद्धा. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग उघडा. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाका आणि अधूनमधून बदला.

१०. नवा की रिफर्बिश्ड

नवशिक्याला मी आवर्जून रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला बिझनेस लॅपटॉप बघायला सांगेन. कंपन्या तीन-चार वर्षांनी ताफाच बदलतात आणि थिंकपॅड एक्स मालिका, लॅटिट्यूड ७००० मालिका, एलिटबुक अशी मूळची महाग, ताठ शरीराची यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला नव्याच्या कितीतरी कमी भावात मिळतात. त्याच पैशात मिळणारा नवा घरगुती लॅपटॉप सहसा जड आणि लेचापेचा असतो. शिवाय प्रवासात पोचा पडला तर जीव कमी तुटतो.

घेताना चार गोष्टी बघा. इंटेलचा ८व्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. आजची तीन-चतुर्थांशाहून कमी असेल तर नवी बॅटरी घालून मागा. बायोस, म्हणजे यंत्र सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज, पासवर्डशिवाय उघडतं का ते समोर उघडून घ्या, जुन्या कंपनीचं कुलूप राहिलेलं यंत्र गळ्यात पडू देऊ नका. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, चोरी झाली तर तक्रारीला तोच लागतो.

परदेशातून कोणी येणार असेल तर १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो. मात्र वॉरंटी भारतात चालते का, ते मॉडेलनिहाय विचारा.

११. सॅक आणि पाणी

सॅकचा लॅपटॉपचा कप्पा बहुतेकदा पाठीला लागून असतो. रेन कव्हर सॅकची बाकी सगळी बाजू झाकतं, पाठीची सोडून. मानेवरून उतरणारं पाणी आणि घाम थेट त्या कप्प्याशी जातात. पावसाळी ट्रेकला तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग लॅपटॉपला वेगळी घ्या, ती सॅकच्या आत ठेवा, आणि रेन कव्हर वरून. कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन बोटं वर शिवलेला आहे का, तेही बघा. नसेल तर सॅक जमिनीवर आपटली की धक्का सरळ लॅपटॉपच्या कडेला. तळाला घडी केलेला टॉवेल ठेवलात तरी भागतं. चार्जर नेहमी वेगळ्या खिशात.

१२. डेटाची सोय निघण्याआधी

यंत्र पुन्हा घेता येतं, संशोधनाच्या नोंदी आणि फोटो येत नाहीत. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे चोराला ती पासवर्डशिवाय वाचता येणार नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. तिची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, कागदावर लिहून घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. रोज रात्री दिवसभराचं काम एका छोट्या पोर्टेबल एसएसडीवर उतरवा आणि ती एसएसडी वेगळ्या बॅगेत, शक्यतो कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. सॅमसंग टी७ शील्डसारख्या आयपी६५ दर्जाच्या एसएसडी मिळतात, चिखल-पावसात त्याच घ्या. नेटवर्क मिळेल तिथे तिसरी प्रत क्लाउडवर.

१३. घेतल्यावरचा पहिला आठवडा

परत करण्याची मुदत संपायच्या आत घरीच प्रवास करून बघा. प्लग न लावता सकाळपासून काम करा आणि बॅटरी किती वाजता संपते ते लिहा. पॉवर बँकेवर चार्ज होतो का, गॅलरीत दुपारी पडदा दिसतो का, मोबाइलच्या हॉटस्पॉटला पटकन जोडतो का. सगळं सामान भरून सॅक पाठीवर घ्या आणि तासभर चाला. खांदा दुखला तर आधी चार्जर बदला, मग लॅपटॉपचा विचार.

आणि पाणी गेलंच तर काय करायचं, हे आत्ताच पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा, चालू फाइल गेली तर जाऊ द्या. उघडून तंबूसारखा पालथा ठेवा. तांदळात पुरू नका, बारीक कोंडा पोर्टमध्ये जातो. हेअर ड्रायरही नको. चालू करून बघायचा मोह आवरा आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून तो उघडून, बॅटरी सोडवून, साफ करून घ्या. पाणी समुद्राचं असेल तर ते वाळेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी न्या.